टाके पिकतात आणि अहवालात जातं ‘निरंक’: राज्यातल्या जिल्हा शल्यचिकित्सकांना खुलं पत्र

प्रति,
राज्यातले सर्व जिल्हा शल्यचिकित्सक, वैद्यकीय अधीक्षक आणि वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांचे अधिष्ठाता

महोदय, महोदया,

सादर नमस्कार.

दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात वॉर्डातून वर जाणाऱ्या अहवालात एक रकाना असायचा: शस्त्रक्रियेनंतरचा जंतुसंसर्ग. अहवाल तुमच्या टेबलावर यायचा, सही व्हायची, कागद पुढे जायचा. एकतीस वर्षांच्या शासकीय नोकरीत, आधी अधिपरिचारिका आणि शेवटची काही वर्षं परिसेविका, म्हणजे वॉर्डाची इनचार्ज सिस्टर म्हणून, मी त्या रकान्यात जवळपास प्रत्येक महिन्याला एकच शब्द लिहिला. निरंक, म्हणजे एकही नाही.

तो शब्द खरा नव्हता. हे मी आज माझ्या जबाबदारीवर लिहून देते आहे. माझ्या आधीच्या सिस्टरनी तोच लिहिला होता, माझ्यानंतरचीही तोच लिहिते आहे हे मला ठाऊक आहे. त्यामागे काय घडतं, हे तुमच्यापर्यंत कधी पोचत नाही, म्हणून हे पत्र.

एक बाळंतीण सांगते. सिझर होऊन घरी गेलेली, नवव्या दिवशी एसटीनं परत आली. मे महिना, दुपारची वेळ. एका हातानं पोट दाबून धरलं होतं, बाळ सासूच्या कडेवर. कॉटवर आडवी झाली आणि मी काही विचारायच्या आधीच म्हणाली, “सिस्टर, चूक माझीच आहे. आई नको म्हणत होत्या तरी मी वांग्याची भाजी खाल्ली.” पोटाला जुन्या लुगड्याचा पट्टा करकचून बांधलेला होता. तो सोडला तर खालचं ड्रेसिंग घामानं भिजून गेलेलं. डाव्या टोकाचे टाके तटतटून लाल झाले होते आणि बोटानं जरा दाबलं तर पिवळसर पू आला. वास आला. सासूनं तोंड फिरवलं. पोरगी रडायला लागली ती दुखण्यापेक्षा लाजेनं.

मी तिचा जुना केसपेपर काढला. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी वॉर्डात ब्लेडनं शेव्हिंग केलेलं. अँटिबायोटिकचं इंजेक्शन सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी दिल्याची माझ्याच स्टाफची नोंद. ओटीच्या, म्हणजे ऑपरेशन थिएटरच्या कागदावर चिरा घेतल्याची वेळ अकरा चाळीस. सुट्टी देताना ‘ड्रेसिंग कोरडे ठेवणे’ एवढं लिहिलेलं होतं, तेही तिला वाचता न येणाऱ्या अक्षरात. पोट बांधू नकोस, असं तिला कुणी सांगितलं नव्हतं. वांग्याचा यात काहीही संबंध नव्हता. संबंध आमचा होता.

तिला स्त्रीरोग वॉर्डात दाखल केलं, ‘टाके उसवले’ अशा निदानाखाली. टाके पुन्हा घालावे लागले, पंधरा दिवस गेले, त्या काळात बाळाला नीट पाजता आलं नाही. माझ्या वॉर्डातून ती आधीच ‘बरी होऊन घरी’ गेलेली होती, म्हणून माझ्या अहवालात ती आली नाही. स्त्रीरोग वॉर्डात तिचं ऑपरेशन झालंच नव्हतं, म्हणून त्यांच्याही अहवालात आली नाही. त्या महिन्यात दोन्ही वॉर्डांनी लिहिलं: निरंक.

आता आमच्या कामाविषयी. बऱ्याच सर्जनना प्रामाणिकपणे असं वाटतं की जखम पिकणं न पिकणं ओटीत ठरतं. त्यात तथ्य आहे. संसर्गाचं बी बऱ्याचदा टेबलावरच पडतं, आणि पुष्कळदा रुग्णाच्या स्वतःच्या कातडीवरच्या जंतूंमधूनच पडतं. पण तो रुग्ण टेबलावर कोणत्या अवस्थेत पोचला, हे आदल्या दिवशी वॉर्डात ठरलेलं असतं. साबण लावून आंघोळ झाली का, केस कशानं काढले, इंजेक्शन कधी गेलं, साखर किती होती, भुलेच्या आधी तो थंडीनं कुडकुडत होता का. टेबलावरून परत आल्यावर ती जखम, तो ड्रेन (आतलं पाणी-रक्त बाहेर काढणारी नळी), ते लघवीचं कॅथेटर चोवीस तास कुणाच्या हाताखाली असतं? सर्जन दिवसातून एकदा राउंडला येतो, फार तर दोनदा. उरलेला सगळा दिवस आणि सगळी रात्र आमची असते.

जागतिक आरोग्य संघटनेनं नोव्हेंबर २०१६ मध्ये शस्त्रक्रियेच्या जागी होणारा संसर्ग टाळण्यासाठी २९ शिफारशी जाहीर केल्या. त्यातल्या १३ ऑपरेशनच्या आधीच्या आणि १६ ऑपरेशनच्या वेळच्या व नंतरच्या. कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत ऑपरेशन झालेल्या दर १०० जणांपैकी ११ जणांना असा संसर्ग होतो, आणि आफ्रिकेत सिझर झालेल्या दर पाच बायकांपैकी एकीपर्यंत हे प्रमाण जातं, असं त्यांनी तेव्हा सांगितलं. ती यादी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा प्रत्येक ओळीपुढे पेन्सिलीनं खूण करत गेले: हे कोण करतं? कितीतरी ठिकाणी उत्तर ‘सिस्टर’ असंच आलं. त्या शिफारशी ज्या बैठकांमध्ये सांगितल्या जातात, तिथे वॉर्डातली सिस्टर मात्र क्वचितच बोलावली जाते.

ब्लेडचंच घ्या. केस काढूच नयेत, आणि अगदीच आड येत असतील तर क्लिपरनं कापावेत, ब्लेड लावू नये, अशी त्या यादीत स्पष्ट शिफारस आहे. कारण साधं आहे. ब्लेडनं कातडीवर डोळ्यांना न दिसणारे ओरखडे पडतात, रात्रभरात त्यात जंतू वाढतात, आणि सकाळी सर्जन नेमका त्याच कातडीतून चिरा घेतो. तरीही आजही कितीतरी वॉर्डांत ‘पेशंट प्रिपेअर करा’ म्हटलं की मामा किंवा मावशी ब्लेड घेऊनच निघतात. मीही त्यांना कित्येक वर्षं तसंच सांगत आले. आमच्या प्रशिक्षणात तेच शिकवलं होतं, आणि नंतर ते बदललं आहे हे आम्हाला कुणी येऊन सांगितलं नाही. एका क्लिपरची किंमत किती आणि पुन्हा टाके घालायला लागलेल्या एका बाईचे पंधरा दिवस किती, हा हिशेब तुमच्या लेखा शाखेला जरूर करायला सांगा.

इंजेक्शनची गोष्ट त्याहून वाईट आहे, कारण तिथे औषध दिलं जातं आणि तरी वाया जातं. चिरा घेण्याच्या आधीच्या १२० मिनिटांत, औषध शरीरात किती वेळ टिकतं ते पाहून, तो डोस रक्तात गेला पाहिजे. वॉर्डात काय होतं? सकाळच्या यादीत सहा नावं असतात. नाईटची सिस्टर घरी जायच्या आधी सहाही जणांना इंजेक्शन टोचून मोकळी होते, कारण ‘प्रीऑप पूर्ण’ असल्याशिवाय मॉर्निंगची सिस्टर ओव्हर घेत नाही. पहिल्या नंबरला ते उपयोगी पडतं. पाचव्या-सहाव्याची पाळी दुपारी येते, तोवर त्याचा जोर उतरलेला असतो. यात सिस्टरला दोष देऊ नका, कामाची रचनाच तशी आहे. ते इंजेक्शन वॉर्डाऐवजी ओटीत, भुलेच्या वेळी द्यायचं, एवढा एक आदेश तुम्ही काढला तरी हे थांबतं. ज्या रुग्णालयात हे झालं तिथे मी शेवटची तीन वर्षं काम केलं. एका पानाच्या परिपत्रकात काम झालं होतं.

ऑपरेशन संपल्यावर ‘कव्हर’ म्हणून पाच-पाच, सात-सात दिवस अँटिबायोटिक चालू ठेवतात, तेही जखम न पिकण्यासाठीच. स्वच्छ ऑपरेशन पार पडलं की केवळ प्रतिबंधासाठी डोस पुढे लांबवू नका, असं त्याच शिफारशी सांगतात. डॉक्टरांचा निर्णय आहे, त्यात मी शिरत नाही. पण त्याची एक बाजू फक्त आम्हालाच दिसते. एक व्हायल फोडायची, पाणी घालून विरघळवायची, सुईची जागा पाहायची, हळूहळू द्यायची, नोंद करायची. दिवसातून दोनदा, वॉर्डातल्या पंचवीस-तीस जणांना. सकाळचा सगळा वेळ त्यातच जातो, आणि ज्या जखमेसाठी हे औषध चाललं आहे, ती जखम उघडून नीट पाहायला कुणाला सवड उरत नाही.

ड्रेसिंग कसं होतं ते एकदा सकाळी नऊ वाजता, राउंडच्या आधी, न सांगता येऊन बघा. ट्रॉलीवर एक मोठा ड्रम असतो, त्यात गॉजचे तुकडे. बाजूला बाटलीत उभा ठेवलेला चिमटा. ट्रॉली पहिल्या कॉटपासून शेवटच्या कॉटपर्यंत फिरते आणि तो ड्रम चाळीस वेळा उघडतो. नियम असा की स्वच्छ जखमा आधी करायच्या आणि पू असलेली सगळ्यात शेवटी. पण पू असलेला रुग्ण तिसऱ्या कॉटवर असतो, त्याचे नातेवाईक बोंबलत असतात, आणि राउंड सुरू व्हायच्या आत त्याचं उघडून ठेवायचं असतं. मग तो तिसराच होतो. त्याच्यानंतरच्या सदतीस जणांचं काय झालं, हे कुठल्याच कागदावर येत नाही. आमच्या वॉर्डात आम्ही एक बदल केला होता. एका रुग्णाला पुरेल एवढे गॉज आणि कापूस कापडात गुंडाळून छोटे पुडके बांधायचे आणि तसेच ऑटोक्लेव्हला, म्हणजे वाफेनं निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात पाठवायचे. बांधायला मावश्या संध्याकाळी बसायच्या, पुष्कळदा मीही बसायचे. ड्रम उघडा पडायचा थांबला. मात्र अशी पुडकी ‘इंडेंटमध्ये’, म्हणजे मागणीपत्रात, ‘बसत नाहीत’ म्हणून स्टोअरनं कापड द्यायचं बंद केलं आणि चार महिन्यांत ते बारगळलं. ते मला अजून खुपतं.

ऑटोक्लेव्हविषयीही एक सांगायचं राहू नये. ड्रमवर चिकटवलेल्या टेपवरच्या रेघा काळ्या झाल्या की माल निर्जंतुक झाला, असं धरून चालतात. त्या रेघा एवढंच सांगतात की ड्रमला बाहेरून उष्णता लागली. आतल्या घडीपर्यंत वाफ पोचली का आणि १२१ अंशांवर पुरेसा वेळ राहिली का, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी आत ठेवायची पट्टी वेगळी असते आणि जंतूंच्या कुपीची चाचणी वेगळी असते. ती तुमच्याकडे शेवटची कधी झाली, हे सीएसएसडीच्या, म्हणजे निर्जंतुकीकरण विभागाच्या रजिस्टरमध्ये पाहा.

आता हात. हात धुवा, हे आम्हाला दर वर्षी ५ मेला पोस्टर लावून सांगितलं जातं. मी एकदा नाईटला बसल्या-बसल्या साधा हिशेब केला. वॉर्डात चाळीस रुग्ण आणि मी एकटी. प्रत्येकाला रात्रीतून चार वेळा तरी हात लागतो: ताप-बीपी, इंजेक्शन, सलाईन, पॅड किंवा कॅथेटर. दर वेळी आधी एकदा आणि नंतर एकदा हँडरब, म्हणजे हातांवर चोळायचं जंतुनाशक. चाळीस गुणिले चार गुणिले दोन म्हणजे ३२० वेळा. हँडरब नीट चोळायला कमीत कमी २० सेकंद लागतात. झाले पावणेदोन तासांच्या वर, नुसते हात चोळण्यात. हे पावणेदोन तास द्यायलाच हवेत, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ते कुठून आणायचे, याचं उत्तर पोस्टरवर नसतं. आणि हँडरबच्या बाटल्या? त्या माझ्या कपाटात कुलपात असायच्या. मीच ठेवायचे. नातेवाईक उचलून नेतात आणि स्टॉकमध्ये तूट आली की वसुली इनचार्जकडून, म्हणून. जी बाटली कॉटच्या पायाशी लटकायला हवी होती ती मी माझ्या पगाराच्या भीतीनं कोंडून ठेवली. असला नियम तुम्हीच मोडीत काढू शकता.

हातमोज्यांमुळे हे भागतं असा एक समज आहे. ऑपरेशनच्या रबरी मोज्यांचा उगम मला फार जवळचा वाटतो. अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात १८८९-९० च्या सुमारास कॅरोलिन हॅम्प्टन नावाच्या ओटीतल्या परिचारिकेच्या हातांची कातडी जंतुनाशक पाण्यानं सोलून निघत होती. तिच्यासाठी सर्जन विल्यम हॉलस्टेड यांनी रबराच्या कंपनीकडून पातळ मोजे बनवून घेतले. मोजे आले ते नर्सचे हात वाचवायला. त्यांच्यामुळे रुग्णांच्या जखमा कमी पिकतात, हे मागाहून लक्षात आलं. आज आमच्याकडे उलटा प्रकार दिसतो. एकदा मोजे चढवले की तेच घालून पहिल्या कॉटवरून दुसऱ्या, तिसऱ्या कॉटवर जायचं. असे मोजे फक्त सिस्टरला वाचवतात, पुढच्या कॉटवरच्या बाईला त्यांचा काही उपयोग नाही. माझ्या नव्या मुलींना मी हेच सांगायचे.

या सगळ्यात सर्वांत अवघड गोष्ट शिकायला मला स्वतःला वीस वर्षं लागली: बोलणं. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी ओटीत एका ज्येष्ठ सर्जनच्या मोज्याची कड वरच्या दिव्याच्या कव्हर न घातलेल्या दांडीला लागलेली मी पाहिली. त्यांच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं. मी गप्प राहिले. त्या रुग्णाचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही, कारण त्या काळी मी नंतर विचारायलाही गेले नाही. कित्येक वर्षांनी दुसऱ्या रुग्णालयात एक तरुण सर्जन रुजू झाले. पहिल्याच दिवशी स्क्रब करताना म्हणाले, “सिस्टर, माझा हात कुठे लागला तर ओरडायचं. मी चिडलो तरी ओरडायचं.” त्या महिन्यात मी दोनदा ओरडले. दोन्ही वेळा त्यांनी निमूटपणे मोजे बदलले. ओटीतली सगळी पोरं बघत होती. त्यानंतर बाकीच्या सर्जनना सांगायचंही आमचं धाडस झालं.

हे एका भल्या माणसाच्या स्वभावावर सोडता येत नाही. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात डॉ. पीटर प्रोनोवोस्ट यांच्या पुढाकारानं शंभरावर अतिदक्षता विभागांत मोठ्या शिरेतल्या नळीच्या संसर्गासाठी एक छोटी यादी राबवली गेली. डॉक्टरांनी त्यातली पायरी गाळली तर नर्सनं काम थांबवायचं, हा अधिकार तिला दिला होता आणि व्यवस्थापन तिच्या पाठीशी उभं होतं. २००६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा त्या संसर्गाचं प्रमाण आधीपेक्षा ६६ टक्क्यांपर्यंत कमी झालं होतं. जागतिक आरोग्य संघटनेची ऑपरेशनची सुरक्षा यादी जगातल्या आठ शहरांत, त्यात आपली दिल्लीही होती, तपासून पाहिली गेली. जानेवारी २००९ मध्ये आलेल्या त्या अभ्यासात शस्त्रक्रियेच्या जागेचा संसर्ग ६.२ टक्क्यांवरून ३.४ टक्क्यांवर आला होता. ती यादी आपल्या ओटींमध्येही भिंतीवर लावलेली आहे. मोठ्यानं वाचायची असते. बहुतेक ठिकाणी ऑपरेशन संपल्यावर फिरती नर्स एका दमात सगळ्या चौकटींत बरोबरच्या खुणा करून टाकते. “इंजेक्शन गेलं का सर?” हे चिरा घेण्याआधी विचारायची तिला मुभा असेल, तरच त्या खुणेला अर्थ आहे.

आता रुग्ण घरी गेल्यावरचं. माझ्या मते सगळ्यात जास्त जखमा इथेच आपल्या नजरेतून निसटतात. शस्त्रक्रियेच्या जागेचा संसर्ग ३० दिवसांपर्यंत मोजायचा असतो, शरीरात रॉड-प्लेटसारखं काही बसवलं असेल तर ९० दिवसांपर्यंत. आपण चौथ्या-पाचव्या दिवशी सुट्टी देतो आणि मोजणं थांबवतो. दिल्लीचं एम्सचं ट्रॉमा सेंटर, मणिपालचं कस्तुरबा रुग्णालय आणि मुंबईचं टाटा मेमोरियल इथल्या तीन हजारांवर रुग्णांचा पाठपुरावा करून झालेल्या आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) अभ्यासात संसर्गाचं प्रमाण पाच टक्क्यांच्या थोडं वर आढळलं, आणि त्यातल्या जवळपास दोन तृतीयांश जखमा रुग्ण घरी गेल्यानंतरच्या होत्या. मोठ्या, नावाजलेल्या रुग्णालयांचं हे चित्र. मग तालुक्याच्या गावातल्या तीस खाटांच्या वॉर्डात ‘निरंक’ कसं येतं?

वांग्याची भाजी खाल्लेल्या त्या मुलीनंतर मी दोनशे पानी वही घातली. सिझर झालेल्या प्रत्येक बाईचं नाव, गाव, घरातल्या मोबाईलचा नंबर, आशाताईचा नंबर. दहाव्या दिवशी एक फोन आणि तिसाव्या दिवशी एक. पहिल्या महिन्यात मला धक्का बसला. “नाही सिस्टर, पाणी यायचं पण इथल्या डॉक्टरनं पावडर टाकली, आता बरं आहे.” “दोन टाके उसवले होते, घरीच हळद भरली.” या बायका आमच्याकडे परत आल्याच नव्हत्या. शासकीय रुग्णालयात ऑपरेशन, तालुक्यात खाजगीत ड्रेसिंग, आणि दर खेपेला रोख पैसे. फुकट बाळंतपण त्यांना असं महागात पडलं होतं. फोनवर मी रागावत नसे. जखमेचा फोटो पाठव म्हणायचे, घरात कुणाच्या तरी फोनवर व्हॉट्सअॅप असतंच. लाल दिसलं की लगेच बोलावून घ्यायचे. सुट्टी देतानाची पद्धतही बदलली. सासू किंवा आई सोबत असताना, बाईला कॉटवर बसवून, आरसा हातात देऊन तिची जखम तिलाच दाखवायची. आज ही अशी दिसते, याच्यापेक्षा लाल झाली, गरम लागली, पाणी आलं, वास आला, ताप आला, तर वाट बघायची नाही. पट्टा आवळायचा नाही. धुरी-शेक जखमेवर नको. जखमेला हात लावायच्या आधी साबणानं हात. आणि खायचं सगळं: वांगं, डाळ, अंडं, ताक. नुसत्या भाताच्या पेजेवर ठेवलेल्या बाईची जखम कशी भरणार?

आशाताई बाळासाठी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जातेच. बाळाचं वजन घेते, ताप बघते. तेवढ्यात आईचा पदर बाजूला करून जखम बघायला दोन मिनिटं लागतात. आमच्याकडच्या आशा ते आनंदानं करायच्या, फक्त कुणीतरी त्यांना शिकवायला हवं होतं आणि काही दिसलं तर फोन कुणाला करायचा हे ठरलेलं हवं होतं. तो ‘कुणीतरी’ म्हणजे मी, माझ्या खाजगी मोबाईलवरून, ड्युटी संपल्यावर. माझी बदली झाली आणि वही बंद पडली.

त्याच वहीच्या जोरावर एका महिन्यात मी त्या रकान्यात ‘निरंक’च्या जागी खरा आकडा लिहिला. आठ दिवसांत मला कारणे दाखवा नोटीस आली: आपल्या वॉर्डात जंतुसंसर्ग का झाला, याचा खुलासा ४८ तासांत सादर करावा. खुलासा मी दिला. ब्लेड, इंजेक्शनची वेळ, ड्रम, माणसं, सगळं लिहिलं. त्या खुलाशाला उत्तर आलं नाही. पुढच्या महिन्यात माझ्या हाताखालच्या मुलींनी मला हात जोडून सांगितलं, सिस्टर, नका लिहू, गोपनीय अहवालावर येतं. मी पुन्हा ‘निरंक’ लिहिलं. त्याची मला लाज वाटते. पण खरं बोलणारा वॉर्ड पकडला जातो आणि खोटं बोलणारा सुटतो, असं असताना तुम्हाला खरा आकडा कोण देईल?

माणसांविषयी मी थोडक्यात लिहिते, कारण ते तुम्ही आमच्या संघटनेकडून पुष्कळदा ऐकलं आहे. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांप्रमाणे शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक परिचारिका हवी, इतर रुग्णालयांत पाचांमागे एक. युरोपातल्या नऊ देशांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. नर्सवर एका रुग्णाचा भार वाढला की ऑपरेशन झालेल्या रुग्णाचा दाखल झाल्यापासून ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता सात टक्क्यांनी वाढते, असं त्यात दिसलं. आमच्या नाईटला चाळीसांमागे एक. त्यातही कंत्राटावर आलेली मुलगी ओटी शिकते, हात बसतो, आणि मुदत संपली की निघून जाते. पुन्हा नवी, पुन्हा पहिल्यापासून. २०२२ च्या मे महिन्यात राज्यभरातल्या परिचारिकांनी कंत्राटी भरतीविरोधात काम थांबवलं, तेव्हा बातम्या पगाराच्याच झाल्या. जखमांविषयीही ते आंदोलन होतं, हे कुणी लिहिलं नाही.

पुरेसे आणि टिकून राहिलेले हात काय करू शकतात, ते याच राज्यानं पाहिलं आहे. केईएममध्ये अरुणा शानबाग ४२ वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. त्यांना सांभाळणाऱ्या परिचारिकांच्या पिढ्या बदलल्या. २०११ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात नोंद आहे: तोवरच्या इतक्या वर्षांत त्यांना एकही बेडसोर (पडून राहून होणारी जखम) झाला नाही. त्यामागे कुठलं यंत्र नव्हतं. ठरलेल्या वेळी कूस बदलणारे, अंग पुसणारे, कातडीवरची लाली वेळेत ओळखणारे हात होते, आणि त्यांना त्यासाठी वेळ होता.

तुमच्याकडे माझं मागणं मोठ्या निधीचं नाही. ब्लेड बंद करणं, इंजेक्शन ओटीत हलवणं, हँडरबची वसुली थांबवणं, एका रुग्णाला एक पुडकं, हे तुमच्या सहीनं या आठवड्यात होऊ शकतं. संसर्ग नियंत्रणाची सिस्टर नेमा, आणि तिला तेवढंच काम द्या. जागतिक आरोग्य संघटना २५० खाटांमागे किमान एक पूर्णवेळ व्यक्ती सांगते. आपल्याकडे ती कागदावर असते आणि प्रत्यक्षात स्टोअर, लसीकरण आणि शिबिरं सांभाळते. तिला एक टेबल, रुग्णालयाचा एक मोबाईल आणि एक वही द्या. दहाव्या आणि तिसाव्या दिवसाचे फोन तिनं करावेत. ओटीत आणि वॉर्डात काम थांबवायचा अधिकार तिला लेखी द्या, आणि पहिल्यांदा ती एखाद्या ज्येष्ठ सर्जनला थांबवेल तेव्हा तुम्ही तिच्या बाजूला उभे राहा. आकडा वाढला तर पहिले सहा महिने नोटीस काढू नका. तो वाढणारच आहे. इतकी वर्षं जे दिसत नव्हतं ते दिसायला लागेल.

माझ्या तीन वह्या माझ्याकडे आहेत. नावं आणि नंबर झाकून, रकाने कसे आखले ते कुणाला हवं असेल तर मी येऊन दाखवीन, राज्यातल्या कुठल्याही रुग्णालयात, स्वखर्चानं.

आणि या महिन्याचा अहवाल सहीला येईल तेव्हा त्या रकान्यापाशी थांबा. ‘निरंक’ लिहिलेलं असेल तर सही करायच्या आधी वॉर्डातल्या सिस्टरला फोन लावा आणि विचारा, गेल्या महिन्यात सिझर झालेल्या किती जणींशी आपण घरी गेल्यावर बोललो?

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिसेविका